घडीचा चाकू पावसाळ्यात जड झालाय, पिव्होटला (पातं ज्या खिळीवर फिरतं तिला) कुठलं ग्रीस लावू?

ऐरोलीकर_टी८
साडेतीन इंची पात्याचा लायनर लॉक (मुठीतली लायनर नावाची पट्टी सरकून उघडं पातं अडवते तो) चाकू आहे. पातं डी२ पोलादाचं, आत फॉस्फर ब्राँझचे वॉशर. जुलैपासून उघडताना जड जातो आणि अर्ध्यावर खरखरतो. आधी खोबरेल सोडलं होतं, मग गाडीचं एपी-३ ग्रीस भरलं, तर आणखीच घट्ट झाला. फळंही यानेच कापतो. ग्रीस बदलू की तेल घालू? पूर्ण खोलायलाच हवा का?

पाना_पक्कड
खोलावाच लागेल. खोबरेल, एपी-३ आणि खिशातला भुसा यांची आत लापशी झाली असणार. वरून काहीही घातलंत तरी त्या लापशीतच जाईल. आधी वॉरंटीचा कागद वाचा, काही कंपन्या चाकू खोलला की हात वर करतात.

एपी-३ मध्ये खोट नाही, ते चाकांच्या बेअरिंगसाठी आहे इतकंच. त्यातला ३ म्हणजे एनएलजीआय या ग्रीसच्या मोजपट्टीवरचा घट्टपणा. पिव्होटमध्ये फट कागदाएवढी आणि भार नगण्य, त्यामुळे ते ग्रीस ढकलण्यातच अंगठ्याचा जोर जातो. ब्राँझ वॉशरला ० किंवा १ नंबरचं, पीटीएफई (टेफ्लॉन) असलेलं सिंथेटिक ग्रीस घ्या. नाही मिळालं तर सरळ शिलाई मशीनचं तेल, फक्त ते वरचेवर घालावं लागतं.

पिव्होटला बहुधा टी८ आणि मुठीच्या स्क्रूंना टी६ हा ताऱ्याच्या तोंडाचा बिट लागतो. बिट पूर्ण आत बसल्याशिवाय फिरवू नका, डोकं गोल झालं की काम वाढलं. स्क्रू हलत नसेल तर कंपनीने लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लावलेलं असतं. सोल्डरिंग गनचं तापलेलं टोक १५-२० सेकंद डोक्यावर धरा, मग सुटतो. वॉशर कुठल्या बाजूचा ते फोटो काढून ठेवा.

सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. वॉशरच्या प्रत्येक बाजूला मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढं ग्रीस, बोटाने असं चोळायचं की ब्राँझ नुसतं ओलसर चमकेल. ग्रीसचा थर नजरेला दिसला म्हणजे जास्त झालं. ते बाहेर येऊन धूळ धरतं आणि आठवड्याभरात पुन्हा तीच खरखर.

जोडल्यावर पिव्होट हळूहळू आवळा. पातं उघडं धरून बाजूला हलवून बघा. हलणं थांबलं की तिथेच थांबा. पातं जड पडलं तर स्क्रू अष्टमांश फेऱ्यापेक्षाही कमी मागे.

खाडीची_हवा (वाशी)
वरचं सगळं मान्य, पण तेलावर भागेल हे आपल्याकडे पावसाळ्यात पटत नाही. डी२ मध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम असतं, पण बरंचसं कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळून झालेल्या कडक कणांत, अडकतं. त्यामुळे ते पुरतं स्टेनलेस नाही, आणि वॉशरखाली गंज धरला तर पृष्ठभाग खडबडीत होऊन नेमकी हीच खरखर येते. खोलल्यावर पात्याचा वॉशरखालचा भाग बघा. तांबूस डाग असेल तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच काढा. त्या जागी पातळ का होईना, ग्रीसच हवं. शिलाई मशीनचं तेल ओघळून जातं.

खोबरेलाचं म्हणाल तर ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या पहाटे इथेही ते घट्ट होईल. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल तर त्याहून वाईट, वाळून चिकटा धरतं.

पात्याला मात्र ग्रीस नको, फळं कापता ना! औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन दोन थेंब, कोरड्या कापडाने पुसून घ्यायचं. फिल्टरच्या रबरी रिंगेला लावतात ते सिलिकॉन ग्रीस खाण्याला सुरक्षित म्हणून पिव्होटला लावू नका, धातूवर धातू घासतो तिथे ते कमी पडतं.

आणि लॉकच्या तोंडाला, म्हणजे लायनर पात्याला टेकतो तिथे, काहीही लागता कामा नये. तिथलं घर्षण हाच लॉकचा आधार. तेलकट झालं की दाबाखाली लायनर सरकतो आणि पातं बोटांवर मिटतं. लायनरवरच्या बारीक गोळीला (मिटलेलं पातं धरून ठेवते ती) टाचणीच्या टोकाएवढं तेल चालतं.

ऐरोलीकर_टी८
आभार. खोलला, तांबूस डाग होताच, काढला. ग्रीस लावून जोडला तेव्हा मऊ चालत होता. स्क्रू सैल होऊ नये म्हणून पिव्होटला निळं लॉकटाइट लावलं. दुसऱ्या दिवशी पातं हलेना. ग्रीस चुकलं का?

पाना_पक्कड
ग्रीस नाही, लॉकटाइट आत उतरलंय. हवा न मिळणाऱ्या फटीत, धातूला लागून ते घट्ट होतं, आणि ब्राँझवर तर झटपट. पुन्हा खोला, वॉशर आणि पिव्होट खरवडून अल्कोहोलने पुसा, ग्रीस नव्याने लावा. या खेपेला टाचणीने फक्त स्क्रूच्या आट्यांवर, टोकाकडच्या दोन-तीन आट्यांपुरतं. आट्यांवर ग्रीस राहिलं तर लॉकटाइट धरत नाही, तेव्हा तेवढ्या आधी पुसून घ्या. पिव्होट आवळून पातं मोकळं चालतंय ना बघा आणि मग २४ तास चाकूला हात लावू नका.