मदत हवी आहे: ट्रॅकवर चालवायच्या ई४६ एम३ ला व्हील स्टड कोणते घ्यावेत?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी,

गाडी २००३ ची बीएमडब्ल्यू ई४६ एम३. मुक्काम जर्मनीत, स्टुटगार्टजवळ. उन्हाळ्यात जमेल तेव्हा हॉकेनहाइमच्या ट्रॅकला किंवा न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या लांब ट्रॅकवर जातो. रोजची चाकं वेगळी आणि ट्रॅकची सेमी-स्लिकवाली (कमी नक्षीच्या, जास्त पकडीच्या टायरची) वेगळी, त्यामुळे काढघाल सतत चालू असते.

ज्यांनी या गाड्या हाताळल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या मारुती-टोयोटाला हबमधून (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर आलेले स्टड असतात आणि त्यावर नट बसतात. बीएमडब्ल्यूत बोल्टच थेट हबमध्ये जातो. म्हणजे दर वेळी झिजतात ते हबचे आटे. आता पुढच्या डाव्या हबच्या एका भोकात बोल्ट हाताने शेवटपर्यंत जातच नाही, दोन-तीन आट्यांनंतर अडतो. म्हणून सगळीकडे स्टड लावून घ्यायचं ठरवलंय. पुढे १० मि.मी.चे स्पेसरही (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) आहेत, नाहीतर रुंद टायर शॉकअपला घासतो.

बोल्ट एम१२ (१२ मि.मी. व्यासाचा), पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.५, कंपनीने सांगितलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, १२० न्यूटन-मीटर. बाजारात ७५ आणि ९० मि.मी.चे स्टड दिसतात. काही १०.९ या ताकदीच्या ग्रेडचे, काही १२.९ चे. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला, असं सरळ धरावं का? दुसरं म्हणजे वडील कोल्हापुरात असतात, आणि शिरोली एमआयडीसीत त्यांच्या ओळखीचा लेथवाला ईएन२४ या पोलादात हवे तसे स्टड काढून देतो म्हणतोय. माणूस कामाला पक्का आहे. मन तिकडे ओढ घेतंय, पण विषय चाकाचा आहे. ताशी दोनशेच्या वेगात चाक सुटलं तर मी एकटाच जाणार नाही, मागून येणाराही जाईल. जाणकारांनी मोकळेपणाने सांगावं.

भोसरीकर

माझी उमर फास्टनरच्या धंद्यात गेली, त्यातली बरीचशी क्वालिटीत. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी ते अडणारं भोक. त्यात स्टड घालून प्रश्न मिटत नाही, झाकला जातो. एम१२ x १.५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने, तेल घालून, अलगद फिरवून बघा. नुसती घाण किंवा बारीक कचरा असेल तर निघेल. टॅपबरोबर धातूचे तुकडे यायला लागले तर आटे गेलेत असं समजा आणि हब बदला. तुमच्या गाडीत पुढचा हब बेअरिंगसकट एकच येतो, खर्च होईल. तरी करा.

आता ग्रेड. १०.९ म्हणजे साधारण १००० मेगापास्कलपर्यंत तुटत नाही, १२.९ म्हणजे १२००. कागदावर १२.९ जिंकतो. पण पोलाद जितकं कडक तितकं ते हायड्रोजनला हळवं. स्टडला चकचकीत झिंक प्लेटिंग करताना आधी आम्लात धुतात, मग विजेवर मुलामा चढवतात. या दोन्हींत हायड्रोजन पोलादात शिरतो. लगेच भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास काही तास ठेवून तो बाहेर काढावा लागतो. ही पायरी कुणी वाचवली, तर स्टड तुम्ही आवळता तेव्हा ठणठणीत असतो आणि पुढे कधीतरी, गाडी उभी असतानासुद्धा, टचकन तुटतो. तुटलेलं तोंड खरखरीत, दाणेदार दिसतं. याउलट थकून तुटलेल्या बोल्टच्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा दिसतात आणि उरलेला थोडा भाग खडबडीत असतो. त्या रेषा दिसल्या की समजायचं, तडा आधीच पडला होता आणि हळूहळू सरकत होता. मी अशी तोंडं भिंगाखाली रोज बघितली आहेत. म्हणून नाव माहीत नसलेल्या विक्रेत्याचा चमकणारा १२.९ मी फुकट मिळाला तरी लावणार नाही. खात्रीच्या कंपनीचा १०.९ पुरेसा आहे.

पुरेसा का, तेही बघा. १२० न्यूटन-मीटरला कोरड्या आट्यांवर एका एम१२ मध्ये ढोबळ हिशेबाने ५० किलोन्यूटन ताण येतो. आट्यांचं काटछेद क्षेत्र ८८ चौरस मि.मी., म्हणजे ५७० मेगापास्कलच्या आसपास. १०.९ ला ८३० पर्यंत कायमचा ताणला जाण्याची भीती नसते. पण त्याच आट्यांना तांब्याचं ग्रीस फासून तोच १२० लावलात तर घर्षण घटतं आणि ताण साडेसातशेवर जाऊ शकतो. आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवा. ग्रीस लावायचंच तर हबच्या मधल्या गोल कडेला, जिथे रिम बसतो, तिथे पुसट हात फिरवा.

लेथवाल्याबद्दल. ईएन२४ उत्तम पोलाद आहे आणि शिरोलीच्या हातांबद्दल मला आदर आहे. पण चांगल्या स्टडचे आटे कापलेले नसतात, दाबून रोल केलेले असतात. कापताना धातूचे तंतू तुटतात आणि आट्याच्या मुळाशी टूलची खूण राहते. तडा तिथूनच सुरू होतो. रोल करताना तंतू आट्याच्या आकाराने वळतात आणि मुळाशी दाब राहतो. थकव्याच्या बाबतीत दोन्हींत फार अंतर आहे. शिवाय हीट ट्रीटमेंटनंतरची कडकपणाची तपासणी कोण करणार? चाकाच्या स्टडला लेथ नको. त्यांच्याकडून चाक चढवताना हबमध्ये घालायची अ‍ॅल्युमिनियमची मार्गदर्शक पिन करून घ्या. स्टड येईपर्यंत तिचा फार उपयोग होईल.

रिंगवेडा

भोसरीकर काका, फार छान लिहिलंत. मी जर्मनीच्या बाजूचं सांगतो.

पंचगंगाकाठ, स्टड घेण्याआधी कागद बघा. सोबत टाइलगुटआख्टन (त्या भागाचा तपासणी अहवाल) किंवा आबेए (भागाची सरकारी मंजुरी) नसेल तर गाडीची रस्त्यावरची मंजुरीच धोक्यात येते. नॉर्डश्लाइफच्या टुरिस्टनफार्टनला (सर्वसामान्यांसाठी खुल्या फेऱ्यांना) रस्त्याचेच नियम लागू असतात, त्यामुळे 'मी फक्त ट्रॅकवर वापरतो' ही पळवाट तिथे चालत नाही. तुमच्या भागातल्या ट्यूफच्या (गाड्या तपासणारी संस्था) तपासनिसाला आधीच भेटा, स्टड, नट आणि स्पेसर तिन्हींचे कागद घेऊन. स्पेसरचे कागद स्टडबरोबर जुळतात का, हे मुद्दाम विचारा. बऱ्याच स्पेसरची मंजुरी ठरावीक बोल्टसकटच असते.

पंचगंगाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. लेथचा विषय माझ्यासाठी संपला. वडिलांना आजच कळवतो. पिनची कल्पना आवडली.

काका, लांबीचं काय? ९० घेतला तर पुढेमागे मोठा स्पेसर लावता येईल, असा विचार होता.

भोसरीकर

लांबी अंदाजाने घेऊ नका, व्हर्नियर घेऊन मोजा. नमुन्यादाखल हिशेब असा: हबमध्ये १३, डिस्कचा तळ ७, स्पेसर १०, रिमचा नट टेकतो तिथपर्यंतचा भाग ८. झाले ३८. नटमध्ये निदान व्यासाइतकी पकड हवी, म्हणजे १२, पिच १.५ असल्याने पूर्ण आठ फेरे. झाले ५०. पुढचं आटे नसलेलं निमुळतं टोक १२ धरा. ६२ होतात, ७५ त भागतं. आकडे तुमचे तुम्ही घाला.

९० ने फायदा काही नाही. मागच्या बाजूला आणखी काळजी घ्या. तुमच्या मागच्या डिस्कच्या आत हँडब्रेकचे लायनर आहेत, स्टड हबच्या पलीकडे डोकावला तर तिथे घासतो. हबच्या मागच्या पातळीपर्यंत, त्यापुढे नाही.

नट आरपार भोकाचेच घ्या. बंद टोपीच्या नटात लांब स्टड आतल्या छताला टेकतो, टॉर्क रेंच 'टक' करतो आणि चाक मात्र सैलच राहतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नट पोलादी, बैठक ६० अंशांची शंकूसारखी, जशी तुमच्या रिमला आहे तशीच. अ‍ॅल्युमिनियमचे रंगीत नट ट्रॅकसाठी नकोत.

कोथरूडची पोलो

मधेच विचारते, माफ करा. माझी पोलो आहे, कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर नेते. तिचेही बोल्टच आहेत, पण एम१४. मलाही स्टड लागतील का?

भोसरीकर

ताई, एम१४ x १.५ चं क्षेत्र १२५ चौरस मि.मी., म्हणजे एम१२ पेक्षा चाळीस टक्क्यांनी जास्त. तुमच्याकडे ताकदीची चणचण नाही. चाकं वारंवार काढत नसाल तर चांगले मूळ बोल्ट ठेवा आणि टॉर्क रेंचवर पैसे घाला.

पंचगंगाकाठ

शेवटचे दोन प्रश्न. स्टड हबमध्ये चिकटवायचे का? आणि ट्रॅकवर टॉर्क केव्हा तपासायचा? प्रत्येक फेरीनंतर पिटमध्ये तपासणारे बरेच दिसतात.

भोसरीकर

हबमधले आटे ब्रेक क्लीनरने धुऊन वाळवा, मग जास्त उष्णता सोसणारं थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारा द्रव) लावा. साधं निळं ट्रॅकच्या तापमानाला ढिलं पडतं. स्टड बनवणाऱ्या कंपनीने हबमधला टॉर्क दिलेला असतो, तोच पाळा. एअर गन जवळ आणू नका. एक दिवस सुकू द्या.

टॉर्क चाक गार असताना तपासा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे तापलेल्या चाकात स्टडवरचा ताण आपोआप वाढलेला असतो. रेंच 'टक' करतो, आपण निर्धास्त होतो आणि गार झाल्यावर पकड कमी भरते. सकाळी पहिल्या फेरीआधी तपासा, दुपारी गाडी निवल्यावर पुन्हा. पिटमध्ये फक्त डोळ्यांनी बघा: नटावर आणि रिमवर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवा, ती तुटलेली दिसली की गाडी बाहेर.

नवीन स्टड लावल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर एकदा नक्की आवळून बघा. रिमच्या आणि स्पेसरच्या टेकणाऱ्या तोंडांवर पेंट किंवा गंज असेल तर आधी वायर ब्रशने काढा. तो थर दबला की ताण उतरतो आणि मग कितीही महाग स्टड वाकून वाकून थकतो. एकाच चाकाचे स्टड वेगवेगळ्या वयाचे ठेवू नका. एक तुटला तर त्या चाकाचे पाचही बदला, कारण तो गेल्यावर त्याचा भार बाकीच्या चौघांनी सोसलेला असतो.