मदत हवी आहे: जनरल ग्रेडसाठी मोर्सचा वेग कसा वाढवू?
नमस्कार मंडळी. माझ्याकडे हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संपर्काचं, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स आहे. आता त्यावरच्या जनरल ग्रेडची परीक्षा द्यायची आहे. त्यासाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स (छोट्या-लांब आवाजांची सांकेतिक लिपी) ऐकून उतरवता आणि पाठवता यायला हवा, पण माझी गाडी ५ वर अडली आहे.

क्लबमध्ये विषय काढला की दोन तट पडतात. जिनिव्हाच्या २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची सक्ती काढून निर्णय ज्या त्या देशावर सोपवला, अमेरिकेने २००७ मध्ये मोर्सची परीक्षाच बंद केली, मग आपण का धरून बसायचं, असं काहींचं म्हणणं. जुने व्हीयू२ वाले (ज्यांची कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, व्हीयू२ ने सुरू होते) म्हणतात, जिथे बोलणं गोंगाटात बुडतं तिथे मोर्स ऐकू येतो. मला हे दुसरं मनापासून पटतं. चार-पाच वॅटच्या, घरी जोडलेल्या सेटवरून दूरदेशी पोहोचण्याची गंमत मला हवी आहे. सक्ती नसती तरी मी शिकलोच असतो.

अडचण अशी: मी डिट-डा (छोटे आणि लांब आवाज) मोजत बसतो, तोवर पुढचं अक्षर निघून जातं. कोणी म्हणतं कॉख पद्धतीने के आणि एम या दोनच अक्षरांपासून, पण पहिल्यापासून २० च्या वेगाने शिक. कोणी म्हणतं अक्षरं वेगात ठेव, मधली जागा वाढव. परीक्षा ८ चीच असेल तर यातलं काय धरू? आणि पाठवण्याचा सराव साध्या कीवर (हाताने दाबायचं बटण) करू, का पॅडलवर (डिट आणि डा साठी वेगळी पट्टी असलेलं)? अलीकडे परीक्षा दिलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.