अमेरिकन कोर्टाचा हुकूमनामा मुंबईत थेट का चालू नये?

अंधेरीकर
सिंगापूरच्या हायकोर्टाने मुंबईच्या कंपनीविरुद्ध पैशांचा हुकूमनामा (डिक्री) दिला, तर त्याची प्रमाणित प्रत आणायची, इथे दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची आणि वसुलीला लागायचं. न्यूयॉर्कच्या कोर्टाने दिला, तर त्याच्या आधारे इथे नवा दावा लावायचा. पुन्हा कोर्ट फी, पुन्हा समन्स, कैफियत, तारखा. फरक एवढाच की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली सरकारने सिंगापूर, ब्रिटन, हाँगकाँग, मलेशिया यांना परस्पर मान्यतेचे प्रदेश म्हणून अधिसूचित केलंय. अमेरिकेला नाही.

मी आयात-निर्यातीचे हिशेब बघतो. न्यू जर्सीत कपड्यांचा धंदा करणाऱ्या एका मराठी बाईंनी साकीनाक्याच्या पुरवठादाराला आगाऊ रक्कम दिली, माल आला तो भलताच. तिकडच्या कोर्टात पुरवठादाराने वकील लावला, बाजू मांडली आणि तो हरला. आता त्या हुकूमनाम्यावर इथे तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावायचा आणि तो निकालात निघायची वाट बघायची. तोवर गाळा कुणाच्या नावावर गेलेला असेल ते सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्येही हेच सांगितलं होतं: अधिसूचित नसलेल्या देशाचा हुकूमनामा असेल, तर आधी इथला हुकूमनामा मिळवा.

माझं म्हणणं सरळ आहे. अमेरिकेला अधिसूचित करा. खोट्या निकालांपासून रक्षण करायला, परदेशी निकाल कधी मानायचा नाही हे सांगणारं कलम 13 आहेच.

फोर्टवाले वकील
अंधेरीकर, तुमच्या बाईंवर अन्याय होतोय, मान्य. पण एका प्रामाणिक धनकोकडे बघून सगळ्यांसाठी दार उघडायचं नसतं.

‘परस्पर’ म्हटलं की दुसरी बाजू कोण, हे आधी विचारावं लागतं. अमेरिकेत परदेशी निकाल मानायचा की नाही, हे प्रत्येक राज्य आपल्या कायद्याने ठरवतं. त्यांच्या घटनेतलं एकमेकांचे निकाल मानण्याचं बंधन राज्याराज्यांतलं आहे, परक्या देशांसाठी नाही. त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने 1895 मध्ये एक फ्रेंच निकाल नाकारला तो याच कारणाने, की फ्रान्स अमेरिकन निकाल जसाच्या तसा मानत नाही. आपण कुणाशी हात मिळवायचा? पन्नास जणांशी?

दुसरं. तिकडे ज्यूरी कधीकधी नुकसानीच्या कितीतरी पट रक्कम केवळ अद्दल घडवायला देते. तो आकडा घेऊन कोणी भुलेश्वरच्या व्यापाऱ्याच्या दुकानावर जप्ती आणायला आला तर?

अंधेरीकर
वकीलसाहेब, 1895 नंतर बरंच पाणी वाहून गेलंय. तिथल्या बहुतेक राज्यांनी परदेशी निकाल मानण्याचा 1962 किंवा 2005 चा नमुना कायदा स्वीकारलाय. न्यूयॉर्क त्यातलंच. भारत आमचे निकाल मानतो का, हे न विचारता न्यूयॉर्क भारतीय कोर्टाचा पैशांचा निकाल मानू शकतं.

आणि 44अ म्हणजे मोकाट सुटलेलं दार नव्हे. त्याच्याच तिसऱ्या पोटकलमात म्हटलंय की हुकूमनामा कलम 13 च्या एखाद्या अपवादात बसत असेल तर कोर्टाने तो नाकारायचा. अधिकार नसलेलं कोर्ट, गुणदोषांवर न दिलेला निकाल, लागू असलेला भारतीय कायदा डावलणं, नैसर्गिक न्यायाचा भंग, फसवणूक, भारतीय कायद्याच्या भंगावर उभा असलेला दावा, हे सगळे अपवाद त्यात आले. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंग्लंडचा एक एकतर्फी हुकूमनामा याच मुद्द्यावर अडवला, पुरावा न तपासता दिला होता म्हणून. इंग्लंड अधिसूचित असूनही.

2020 चा बँकांचा खटलाही बघा. लंडनचा हुकूमनामा 1995 चा, इथे दरखास्त 2009 ला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुदत लंडनच्या कायद्याने मोजायची. ती सहा वर्षांची होती, दरखास्त फेटाळली गेली. कोणता कायदा कुठे लावायचा याचं भान आपल्या कोर्टांना आहे.

स्वाती ठाणेकर
अंधेरीकर दादा, तुम्ही माल आणि गाळ्यांपुरतं बोलताय, पण परदेशी हुकूम म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर घटस्फोट येतो. माझ्या मावसबहिणीला ती ठाण्यात असताना पाकिटातून अमेरिकन घटस्फोटाचा कागद आला. तिने ना ते कोर्ट पाहिलं, ना तिकडे वकील करायला तिच्याकडे पैसे होते.

1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेवाडाचा घटस्फोट नाकारला, कारण नवरा तिथला रहिवासी असल्याचं खोटंच सांगत होता. 1991 मध्ये मिसुरीचा नाकारला. तिथे नव्वद दिवस राहिलं की अर्ज करता येत होता आणि घटस्फोटाचं कारण हिंदू विवाह कायद्यात नसलेलं होतं. लग्न ज्या कायद्याने झालं त्याच कायद्याने ते मोडायचं, हा नियम त्या निकालाने घालून दिला. बाई स्वतःहून तिथे हजर राहिली आणि तिने तो निकाल मान्य केला तर गोष्ट वेगळी. हा नियम नसता तर माझ्या बहिणीला वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात उभंही राहता आलं नसतं. म्हणून थेट अंमलबजावणी म्हटलं की मला भीती वाटते.

अंधेरीकर
ताई, तुमची भीती रास्त आहे, पण 44अ फक्त पैशांच्या हुकूमनाम्याला लागतं. घटस्फोटाचा दर्जा त्यातून ठरत नाही, तो कलम 13 आणि 1991 च्या निकालावरच तपासला जाईल. उलटं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या कोर्टाने बायकोला घरखर्चाची रक्कम मंजूर केली आणि नवरा नोकरी सोडून कांदिवलीत येऊन राहिला. आज तिलाही इथे नवा दावाच लावावा लागतो.

स्वाती ठाणेकर
तिच्यासाठी सोपं व्हायलाच हवं. पण त्याच वाटेने नवऱ्याच्या बाजूचाही हुकूम येईल. घराच्या वाटणीत तिने इतके डॉलर द्यावेत, असा एकतर्फी हुकूमही पैशांचाच असतो. कलम 13 दाखवायला तिला वकील उभा करावा लागेल, तोही जप्तीच्या टांगत्या भीतीत. आज दावा लावायचं ओझं समोरच्यावर आहे. ते तिच्या डोक्यावर टाकू नका.

माहीमचा बार्देशकर
कोणता कायदा कुठे लावायचा, हा प्रश्न देशातल्या देशातही येतो. अमेरिका लांब राहिली, गोवा जवळ आहे म्हणून सांगतो. मूळ गोंयकार आणि मुंबईत घर, अशी कितीतरी कुटुंबं माहीम-वांद्र्यात आहेत. अशाच एका घराबद्दल 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की माणूस गोव्याचा अधिवासी (कायद्याने कायमचा रहिवासी) असेल तर मुंबईतल्या त्याच्या घरालाही पोर्तुगीज नागरी संहिताच लागेल. बापाने मृत्युपत्र करून घर एका मुलीला दिलं होतं, मुंबई उच्च न्यायालयाने त्याला प्रोबेटही, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं प्रमाणपत्र, दिलं होतं. पण त्या संहितेत अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते, बाप हवी तशी वाटू शकत नाही. संहिता पोर्तुगिजांची असली तरी 1962 च्या कायद्याने ती भारतीय कायदा म्हणूनच चालू राहिली, त्यामुळे परक्या कायद्याचा प्रश्नच नाही, असं कोर्टाने म्हटलं.

मला हा निकाल पटतो. बापाने पणजीचा पैसा मुंबईत गुंतवला म्हणून मुलांचा हक्क संपू नये.

गिरगावकर
मला अजिबात पटत नाही. स्थावर मालमत्ता जिथे आहे तिथला कायदा तिला लागतो, हा जुना आणि समजणारा नियम आहे. माहीममध्ये फ्लॅट घेणारा माणूस नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू बघतो, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बघतो, प्रोबेट बघतो. विकणाऱ्याचे वडील गोव्याचे अधिवासी होते का, हे तो कुठे शोधणार? हायकोर्टाचं प्रोबेट हातात असताना पोर्तुगीज संहिता उघडायला सांगणं घेणाऱ्यावर अन्यायच आहे.

माहीमचा बार्देशकर
प्रोबेट मृत्युपत्र खरं आहे एवढंच सांगतं, ती मालमत्ता द्यायचा अधिकार बापाला होता का हे सांगत नाही. हे मुंबईतल्या हिंदू मालमत्तेलाही तितकंच लागू आहे. वडिलोपार्जित हिस्सा असेल तर मृत्युपत्र असूनही भांडण होतंच की.

फोर्टवाले वकील
बार्देशकरांचा मुद्दा बरोबर आहे आणि मूळ चर्चेलाही लागू पडतो. देश एक झाला म्हणून कायदे आपोआप एक होत नाहीत. सरदार शितोळ्यांचा खटला घ्या. ग्वाल्हेरच्या कोर्टाने 1948 मध्ये एकतर्फी हुकूमनामा दिला, तेव्हा कायद्याने ते परकं कोर्ट होतं आणि प्रतिवादी उत्तर प्रदेशातले. संविधान आलं, अनुच्छेद 261 ने देशभरातल्या दिवाणी निकालांची अंमलबजावणी कुठेही करायची सोय केली. तरी 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूमनामा अलाहाबादला चालू दिला नाही. प्रतिवादी त्या कोर्टासमोर गेलेलेच नव्हते. एका देशातल्या दोन कोर्टांबाबत आपण इतके काटेकोर राहिलो, तर टेक्सासबाबत सैल का व्हायचं?

अंधेरीकर
माझ्या उदाहरणात प्रतिवादी गेला होता, वकीलसाहेब. लढला आणि हरला. शितोळ्यांच्या निकालाचा आधार अशा माणसाला मिळत नाही, आणि आजची व्यवस्था नेमकी त्यालाच पळवाट देते.

सगळी अमेरिका नको, ठीक. कलम 44अ मध्ये ‘देश किंवा प्रदेश’ असं म्हटलंय, आणि कोणती वरिष्ठ न्यायालयं धरायची हेही अधिसूचनेतच सांगायचं असतं. संयुक्त अरब अमिरातीशी करार 1999 चा, अधिसूचना जानेवारी 2020 ची, आणि तिच्यात कोर्टं नाव घेऊन दिली आहेत. तसंच फक्त न्यूयॉर्क घ्या, फक्त ठरावीक कोर्टं घ्या. स्वातीताईंच्या मुद्द्यासाठी कौटुंबिक वादातल्या रकमा पहिल्या टप्प्यात बाहेर ठेवा.

फोर्टवाले वकील
न्यूयॉर्कपुरतं बोलत असाल तर माझा विरोध बराच कमी होतो. पण दोन अटी लेखी हव्यात. 44अ मध्ये कर, दंड आणि शास्तीच्या रकमा वगळल्यात. ज्यूरीने अद्दल म्हणून दिलेली रक्कमही त्यात धरली आहे, हे स्पष्ट शब्दांत यावं. आणि समन्स कुरिअरने किंवा ईमेलने आलेलं चालणार नाही. समन्स बजावणीच्या हेग करारात आपण टपालाच्या मार्गाला हरकत घेतलेली आहे, ती पाळली गेल्याचा कागद दरखास्तीसोबतच लागला पाहिजे.

स्वाती ठाणेकर
आणि समन्सचा कागद ज्याच्यावर तो बजावला त्याला समजेल अशा भाषेत असावा. माझ्या बहिणीच्या पाकिटात सगळं इंग्रजी होतं, उत्तर द्यायची शेवटची तारीख कुठे लिहिलीय हेही तिला दुसऱ्याला विचारावं लागलं.