घड्याळाला उभं आणि बसलेलं यातला फरक खरंच कळतो का?

हिंजवडीकर
नमस्कार मंडळी, पाठीचं दुखणं सुरू झालं म्हणून डॉक्टरांनी अधूनमधून उभं राहून काम करा असं सांगितलं, आणि ऑफिसातून वर-खाली होणारं टेबल मागून घेतलं. आता जेवणानंतर बराच वेळ उभ्यानेच कोडिंग करतो, पण तेवढ्यातच मनगटावरचं घड्याळ थरथरतं आणि सांगतं की उठा, जरा उभे राहा. अहो उभाच आहे की! उलट सकाळी कंपनीच्या बसमधे खिडकीला टेकून बसून येतो तो तास कधीकधी उभा म्हणून जमा झालेला असतो. एवढ्यावर सोडून दिलं असतं, पण आता एचआरने चॅलेंज काढलंय, कोणाचे किती उभे तास याची यादी दर सोमवारी ग्रुपवर येते. आमच्या टेस्टिंग लॅबमधली एक मुलगी बेंचसमोर दिवसभर उभी असते, ती यादीत पार तळाला, आणि ते पाहून मला खरंच वाईट वाटलं. घड्याळ बिघडलंय की या बँड-घड्याळांना हे कळतच नाही? दुसऱ्या कंपनीचं घेऊ का?

सर्किटवाला
घड्याळ ठीक आहे, बदलू नका, पैसे वाया जातील. त्यातला अ‍ॅक्सेलरोमीटर तीन दिशांनी प्रवेग मोजतो, त्यात गुरुत्वाकर्षणाचं ९.८ (मीटर प्रति सेकंद वर्ग) कायम धरलेलं असतं, त्यावरून मनगट कुठल्या बाजूला कललंय आणि किती हलतंय ते समजतं. मनगट हं, पाय नाही. तुम्ही टेबल वर घेता तेव्हा कोपर तसंच काटकोनात, हात तसाच कीबोर्डवर, म्हणजे सेन्सरच्या लेखी काहीच बदललं नाही. लॅबमधल्या ताईंचंही तेच होत असणार, हात बेंचवर स्थिर.

आणि मुळात 'उभं राहणं' म्हणजे काय हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलंय. अ‍ॅपल वॉचमधे तासाभरात निदान एक मिनिट उभं राहून थोडी हालचाल झाली की तो तास मिळतो, असे दिवसाचे १२ तास हे आधीपासून लावलेलं टार्गेट, आणि तासाची ५० मिनिटं होईपर्यंत काही दिसलं नाही की आठवण येते. फिटबिट तर उभं राहणं बघतच नाही, तासाला २५० पावलं मागतं. गार्मिनच्या स्क्रीनवरची मूव्ह बार नावाची पट्टी तासभर हालचाल नसली की भरते आणि चाललं की रिकामी होते. म्हणजे हे सगळे हालचाल शोधतायत, तुमच्या बसमधे खड्ड्यांमुळे आणि दांडी पकडताना हात हलत असणार.

कोणी म्हणेल घड्याळात बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर, असतो ना, उंची कळेल. एक मीटर वर गेलं की हवेचा दाब साधारण १२ पास्कल कमी होतो, तुमचं मनगट टेबलाबरोबर जेमतेम हात-दीड हात वर जातं, तेवढा फरक तर एसी सुरू झाला किंवा दार उघडलं तरी पडू शकतो. उभं राहिल्यावर नाडी थोडी वाढते हे खरं, पण ती चहा घेतला, मीटिंगमधे बोलायला लागलो तरी वाढते.

फिजिओताई
वरचं अगदी बरोबर. संशोधनात ज्यांना बसलेला आणि उभा वेळ वेगळा मोजायचा असतो ते यंत्र मांडीवर चिकटवतात. ग्लासगोच्या कंपनीचं अ‍ॅक्टिव्हपाल नावाचं छोटं यंत्र त्यासाठी खूप वापरलं जातं. मांडी आडवी म्हणजे बसलेले, मांडी उभी म्हणजे उभे, इतका साधा हिशोब. आडवं झोपलं तरी मांडी आडवीच, तेवढी एक अडचण राहते.

पण हिंजवडीकर, मला जास्त काळजी तुमच्या उभ्या तासांची वाटते. नुसतं उभं राहिल्याने बसण्यापेक्षा मिनिटाला साधारण ०.१५ कॅलरी जास्त खर्च होतात असं २०१८ मधे बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून निघालं, म्हणजे तासाला नऊच्या आसपास. लंडनच्या बसवरचा जेरी मॉरिस यांचा १९५३ चा अभ्यास सगळे सांगतात, की बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी, पण ते कंडक्टर नुसते उभे नव्हते, दिवसभर डबलडेकरचे जिने चढत-उतरत होते. जागेवर तासन्‌तास उभं राहणाऱ्यांचे सुजलेले पाय आणि फुगलेल्या शिरा मी रोज बघते, साडीच्या दुकानातल्या बायका, शिक्षिका, सलूनमधली मुलं. केरळने २०१८ मधे आणि तमिळनाडूने २०२१ मधे दुकानातल्या कामगारांना बसायला जागा मिळावी म्हणून कायद्यात बदल केला तो उगाच नाही. तुमच्या पाठीला दर अर्ध्या तासाने स्थिती बदलणं आणि चार पावलं चालणं हवंय, सलग दोन तास उभं राहणं नकोय. आणि लॅबमधल्या त्या मुलीला यादीत वर आणण्यापेक्षा आधी एक उंच स्टूल मिळवून द्या.

हिंजवडीकर
स्टूलचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, उद्याच बोलतो. ते मांडीवरचं यंत्र आपल्यासारख्यांना मिळतं का?

सर्किटवाला
घेण्याची गरज नाही, मोबाईल आहे ना. आखेन विद्यापीठात बनलेलं फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप टाका, त्यात गुरुत्वाकर्षण धरून प्रवेग दाखवणारा प्रयोग निवडा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि फोन पॅन्टच्या पुढच्या खिशात उभा सरकवा. उभे राहा, मग खुर्चीत बसा, मग परत उभे राहा. नंतर आलेख बघा, उभं असताना वाय अक्षाची (फोनच्या लांबीच्या दिशेची) रेघ ९.८ च्या जवळ असेल, फोन उलटा घातला असेल तर उणे ९.८, आणि बसल्याबरोबर ती शून्याकडे घसरेल आणि झेड अक्षाची (स्क्रीनच्या आरपार दिशेची) रेघ वर किंवा खाली उडी मारेल. पायऱ्यांसारखं स्वच्छ दिसतं. खिसा घट्ट हवा, ढगळ पॅन्टमधे फोन आडवा होतो. एचआरला हा आलेख आणि घड्याळाची नोंद शेजारीशेजारी ठेवून दाखवा.

चाकखुर्ची
एचआरशी बोलणार असाल तर अजून एक मुद्दा घ्या प्लीज. मी व्हीलचेअर वापरतो. अ‍ॅपल वॉचमधे २०१६ पासून व्हीलचेअरची सेटिंग आहे, त्यात उभं राहायच्या ऐवजी चाक फिरवायची आठवण येते आणि चाकाला हाताने दिलेले धक्के मोजले जातात. पण सगळ्या बँडमधे ही सोय नसते, आणि ऑफिसची यादी फक्त 'उभे तास' विचारत असेल तर माझ्यासारख्याने भाग तरी कसा घ्यायचा? तासाला एकदा स्क्रीनपासून दूर गेलात का, एवढंच विचारा, ज्याचं त्याने लिहावं, आणि नावानिशी यादी ग्रुपवर लावणं बंद करा.

हिंजवडीकर
हे तिन्ही मुद्दे मेलमधे घालतोय, स्टूल सगळ्यात वर.