व्हिएन्नातली खुर्ची की सार्वजनिक बांधकाम खात्याचं मेजरमेंट बुक?

कुळागर (धागाकर्ता)

संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी कराराचं कलम १३ म्हणतं की भ्रष्टाचार रोखण्याच्या कामात सरकारने संस्था, गावगट, सामान्य माणसं यांना सामील करून घ्यावं. करार २००३चा, अमलात आला डिसेंबर २००५मध्ये, भारताने मंजुरी दिली मे २०११मध्ये. प्रत्येक देशाची तपासणी चिठ्ठ्या टाकून निवडलेले दोन देश करतात. पहिल्या फेरीत गुन्हे आणि देशादेशांतलं सहकार्य, दुसरीत प्रतिबंध आणि मालमत्तेची वसुली.

माझं म्हणणं असं की गोव्यातल्या संस्थांनी या तपासणीसाठी स्वतःचा समांतर अहवाल लिहावा. केंद्राच्या आठ वर्षं आधी, १९९७मध्ये, माहिती हक्काचा कायदा करणारं हे राज्य आहे. कलम ३३ तक्रारदाराच्या संरक्षणाबद्दल बोलतं; आपल्याकडे त्यासाठीचा कायदा २०१४मध्ये मंजूर होऊन तसाच पडून राहिला. हे कुणी लिहायचं? सरकार स्वतःबद्दल लिहिणार नाही.

मांडवीपार

लिहा की. वाचणार कोण? तपासणीच्या नियमांत संस्थांशी बोलायला देशाला उत्तेजन दिलंय, सक्ती नाही. प्रश्नावली सरकार भरतं. पाहणी पथक आलं तर कोणाला बोलवायचं तेही सरकारच ठरवतं. जाहीर होतो तो सारांश. पूर्ण अहवाल बाहेर काढायचा की नाही ही त्या देशाची मर्जी. या तपासण्यांवर देखरेख करणाऱ्या आढावा गटाच्या व्हिएन्नातल्या बैठकीत संस्थांना दारच बंद. करारातल्या सगळ्या देशांच्या २०११च्या माराकेश परिषदेनंतर बाजूला एक माहितीसत्र मिळालं, तेवढंच.

देशांच्या या मुख्य परिषदेत निरीक्षक म्हणून बसायचं तर संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक-सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा हवा. संस्था किमान दोन वर्षं जुनी, अर्ज १ जूनच्या आत, आणि पुढे १९ देशांची समिती एकामागून एक प्रश्न विचारत फाईल पुढच्या सत्रावर ढकलत राहते. दर्जा नसला तरी अर्ज करता येतो, पण एका देशाने हरकत घेतली की अडकलात.

पैशाचं तर बोलूच नका. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि खातं दिल्लीच्या स्टेट बँकेतच. काणकोणच्या गावगटाला व्हिएन्नाचं तिकीट कोण काढून देणार?

बार्देसकर

दोघांनीही लुई बर्जरचं नाव घेतलं नाही, याचं नवल वाटलं. गोव्यातला जपानी कर्जावरचा पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण प्रकल्प, त्याची सल्लागार ही अमेरिकन कंपनी. जुलै २०१५मध्ये तिने अमेरिकन सरकारपुढे मान्य केलं की भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि कुवेतमध्ये मिळून ३९ लाख डॉलरची लाच दिली. त्यातली भारतातली गोवा आणि गुवाहाटीच्या पाण्याच्या कामांसाठी. दंड १ कोटी ७१ लाख डॉलर. पणजीत गुन्हा नोंदला गेला तो त्याच महिन्यात, तिकडची बातमी इकडे पोचल्यावर.

लाच वह्यांत कुठे दडवली होती तेही वाचण्यासारखं आहे: 'कमिटमेंट फी', 'मार्केटिंग फी', 'फील्ड ऑपरेशन खर्च', शिवाय मधल्या पुरवठादारांची खोटी बिलं. म्हणून सल्लागाराच्या करारावर माहिती हक्काचा अर्ज टाकताना फक्त मूळ करार मागून भागत नाही. चालू बिलांसोबतची जोडपत्रं मागा, उपसल्लागाराच्या मंजुरीचे आदेश मागा, 'प्रतिपूर्ती' या शीर्षाखालची प्रत्येक पावती मागा. बांधकामाची चोरी मेजरमेंट बुकात, म्हणजे झालेलं काम मोजून नोंदायच्या वहीत, सापडते, सल्ल्याची नाही, कारण तिथे मोजायला पाईपच नसतो.

कुळागर

बार्देसकरबाब, हा माझ्याच बाजूचा पुरावा झाला. दंड गेला अमेरिकेच्या तिजोरीत, आणि फसवलं गेलं होतं गोव्याला. कराराचं कलम ३५ नुकसानभरपाईचं आहे, ५३ थेट वसुलीचं. राज्याने त्यासाठी काय केलं, हा प्रश्न विधानसभेत एका दिवसात विरतो. समांतर अहवालात तो नोंदला जाईल.

मांडवीपार

अमेरिकेने स्वतःच्या कायद्याखाली, स्वतःच्या कंपनीला धरलं. त्यात कलम १३ कुठे आलं? आणि परदेशी लाचेविरुद्धच्या त्याच कायद्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी १८० दिवसांसाठी थोपवायचा आदेश काढला होता. दुसऱ्याच्या विहिरीवर शेत करायचं का? उलट बाजूही बघा: परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं हा गुन्हा ठरवणारं विधेयक आपण २०११मध्ये मांडलं आणि बुडू दिलं. करार मंजूर करूनही.

कुळागर

करार मंजूर करूनही, हे शब्द तुमचेच. असाच मुद्दा पहिल्या पानावर हवा.

तिस्कावरचा

अहवाल निघालाच तर कुणीतरी खाणीचा तक्ता घालणार, म्हणून आधीच सांगतो. लोहखनिजाची भारताची निर्यात एका बाजूला, चीनची आयात दुसऱ्या बाजूला, आणि मधला फरक म्हणजे लूट! असा तक्ता पहिल्याच वाचनात कोसळतो. निर्यातीची किंमत आपल्या बंदरावरची, आयातीच्या किमतीत भाडं आणि विमा मिसळलेला. वजन कुठे ओलं धरलेलं, कुठे सुकं, आणि खनिजाच्या चुऱ्यात आठ-दहा टक्के ओल सहज असते. डिसेंबरात मुरगावहून सुटलेलं जहाज जानेवारीत खाली होतं, म्हणजे वर्षच बदललं. आणि इथून गेलेला सगळा माल गोव्याचा नव्हे, होस्पेट-बळ्ळारीचाही त्यात होता. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या ३४,९३५ कोटींच्या नुकसानीच्या आकड्यावरही वाद झालाच.

गोवा फाउंडेशन या संस्थेचा खाणींविरुद्धचा खटला उभा राहिला तो टनांवर नव्हे, खाणींच्या लीजच्या मुदतीवर. मुदत २२ नोव्हेंबर २००७ला संपली, म्हणून त्यानंतरचं खोदकाम बेकायदा, असं सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ला म्हटलं.

बार्देसकर

मुदतीच्या या सूत्राने लुई बर्जरकडे बघा. परदेशातून पुरावा मागायचा तर गृहमंत्रालयामार्फतच. संस्थेला तसं पत्र पाठवता येत नाही. पण विनंती कधी गेली, स्मरणपत्रं कधी गेली, उत्तर कधी आलं, याच्या निव्वळ तारखा मागता येतात. पत्रातला मजकूर मागितलात की माहिती हक्क कायद्याचं ८(१)(f) पुढे येईल: परदेशी सरकारकडून गुप्तपणे मिळालेली माहिती. तपास चालू आहे म्हणून ८(१)(h) लावलं, तर २००७चा दिल्ली उच्च न्यायालयाचा भगत सिंग निकाल जोडा: तपास नुसता चालू असणं पुरत नाही, माहितीने तो कसा अडेल ते दाखवावं लागतं. तीस दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील तीस दिवसांत, दुसरं नव्वद दिवसांत. दुसऱ्या अपिलाला खरा वेळ जातो, तेव्हा अर्ज आजच टाका.

मांडवीपार

हे पटलं. पण यात व्हिएन्ना कुठे लागलं? माहिती हक्काचा कलम ६(१)चा अर्ज पुरतो.

कुळागर

तारखा हातात आल्या की त्या कोणापुढे ठेवायच्या ते सांगा. तपासणीचा सारांश सरकारच्या कागदांवरून लिहिला जातो. त्यात आपला एक तक्ता तरी जाऊ दे: विनंतीची तारीख, स्मरणपत्राची तारीख, आणि उत्तराचा रिकामा रकाना.

मांडवीपार

तक्ता करा. तिकिटाचे पैसे मात्र मी देणार नाही.