पुलावर पॅनिक येतो: सीबीटी करावी की आतलं खोदणारी थेरपी? दोन काउन्सेलर, दोन वेगळ्या दिशा

बेतीची_फेरी

नमस्कार. मी म्हापशाची, नोकरी पणजीत, वय ४१. गेल्या पावसाळ्यापासून बस मांडवी पुलावर चढली की माझी छाती धडधडायला लागते, हाताची बोटं बधीर होतात आणि आता आपण इथंच संपणार असं वाटतं. बस पाटोला वळून स्टँडवर लागली की दहा मिनिटांत मी परत माणसात. ईसीजी, थायरॉइड, रक्त सगळं तपासून झालं, सगळं नॉर्मल. आता मी काय करते तर पर्वरीला उतरते, रिक्षानं खाली बेतीला जाते, फेरी पकडते आणि पलीकडून चालत ऑफिस. रोजचा पाऊण तास जास्त. नवरा जहाजावर असतो, त्याला अजून सांगितलेलं नाही, सासूबाईंना वाटतं मला फेरीचा वारा आवडतो.

पहिल्या काउन्सेलरकडे सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायच्या थेरपीची, पाच सेशन केली. तिनं वहीत रकाने आखून दिले, काय घडलं, मनात काय आलं, भीती शंभरात किती, पुरावा काय. पूल पडेल असं किती वाटतं याला मी घरी बसून १ लिहिलं आणि बसमध्ये तोच आकडा ९० व्हायचा. मग ती म्हणाली आता पुलावरून जायला सुरुवात करूया, आणि मी जायचंच बंद केलं. तिच्याकडे.

दुसऱ्या बाई वयानं मोठ्या आहेत, तीन सेशन झाली. त्या फार विचारत नाहीत. एकदाच म्हणाल्या, पूल म्हटल्यावर पहिलं काय आठवतं? आणि मला आई आठवली. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा जुना पूल कोसळला तेव्हा बाबा पणजीत कामाला होते आणि रात्रीपर्यंत त्यांचा पत्ता नव्हता. मी दोन वर्षांची, मला स्वतःला काही आठवत नाही, पण आई पुढे प्रत्येक पावसाळ्यात ते सांगायची. बाबा त्या दिवशी सुखरूप आले. ते गेले आता दोन वर्षांपूर्वी, आजारपणानं, घरीच. मी त्या बाईंसमोर तासभर रडले, घरी येऊन शांत झोपले आणि दुसऱ्या दिवशी पूल होता तसाच.

मैत्रीण म्हणते ईएमडीआर कर, ती डोळे हलवत आठवणींवर काम करायची थेरपी, चुलतभाऊ म्हणतो देवळात प्रसाद लावून, म्हणजे देवाचा कौल घेऊन विचार. मला कुणाचंच मन दुखवायचं नाही पण पैसे आणि सुट्ट्या दोन्ही संपत चालल्यात. नक्की कुठली पद्धत बरोबर? दोन्ही एकदम चालतात का?

चिंचेची_सावली

ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, दक्षिण गोव्यात काम करते. इथं बसून निदान करणार नाही, पण तुमचं वाचून राहवलं नाही.

आधी वहीबद्दल. सीबीटी म्हणजे वही नव्हे. १९६० च्या दशकात ॲरन बेक यांनी डिप्रेशनसाठी ही पद्धत बांधली, तिथून ते रकाने आले. पॅनिकचं गणित थोडं वेगळं आहे. डेव्हिड क्लार्क यांनी ते मांडलं, योगायोग म्हणजे तेही १९८६ मध्येच. त्यांचं म्हणणं असं की धडधड आधी होते, मग मन तिचा अर्थ लावतं की हा हार्ट अटॅक आहे किंवा मी बेशुद्ध पडणार, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं धडधड आणखी वाढते, आणि हे चक्र काही सेकंदांत फिरतं. म्हणून तुमच्या वहीत प्रश्न चुकीचा विचारला गेला असं मला वाटतं. तुम्हाला पूल पडण्याची भीती शंभरात १ च आहे, तुम्ही खरं तेच लिहिलंत. ९० भीती आहे ती स्वतःच्या छातीची.

यावर जे करतात ते ऐकायला विचित्र वाटेल. थेरपिस्टच्या खोलीतच, पुलापासून लांब, मुद्दाम धडधड आणायची. एका जागी पळायचं, फिरत्या खुर्चीत गरगर फिरायचं, स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास घ्यायचा. बोटं बधीर होतात, डोकं हलकं होतं, आणि तुम्ही तिथंच बसून बघता की ते येतं आणि ओसरतं. माझ्याकडे एक गृहस्थ होते, स्ट्रॉ तोंडात धरून चाळीस सेकंद झाले आणि हात वर करून म्हणाले, हेच, हेच होतं मला झुआरी पुलावर! त्यांचा चेहरा मी विसरणार नाही, कारण भीती पुलात नाही हे त्यांना त्या क्षणी अंगानं कळलं, मी आधी तीनदा तोंडानं सांगून झालं होतं. पूल त्यानंतर येतो, पायरीपायरीनं, सोबत घेऊन, मग एकटं.

आणि फेरी. वाईट वाटून घेऊ नका, पण फेरीच तुमची भीती जिवंत ठेवतेय. दर सकाळी मनाला पुरावा मिळतो की पूल टाळला म्हणून वाचले.

दुसऱ्या बाईंचं काम फुकट गेलं असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. त्यांची पद्धत बहुतेक सायकोडायनॅमिक, म्हणजे मनात दडलेलं जुनं शोधणारी, फ्रॉइडच्या घराण्यातली, आणि ती जुनाट झाली असं समजणारे चुकतात. पॅनिकसाठीच तिचा आखीव प्रकार आहे, आठवड्यातून दोनदा असं २४ सेशनचं, २००७ मध्ये बार्बरा मिलरॉड यांच्या गटानं त्याची रीतसर चाचणी घेतली आणि नुसत्या रिलॅक्सेशनच्या ट्रेनिंगपेक्षा तो बराच सरस ठरला. पण त्यातही पॅनिकवरची नजर हटत नाही, नुसतं आठवत बसणं तिथंही चालत नाही.

ईएमडीआर फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ च्या सुमारास सुरू केलं, ते मुख्यतः आघाताच्या आठवणींसाठी, म्हणजे अपघात, हल्ला, डोळ्यांसमोर घडलेलं काही. तुमच्याकडे ती आठवण आईची आहे. तिथं मी आधी जाणार नाही.

फोंड्याचे_काका

वरच्या बाईंचं बरंचसं पटलं, एक सोडून. विचाराला एवढं मागे टाकू नका. मी गेली वीस वर्षं विवेकनिष्ठ पद्धतीचा अभ्यासक आहे, आरईबीटी म्हणतात ती. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये सुरू केली, म्हणजे बेकच्याही आधी, आणि मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली म्हणून माझ्यासारख्या फोंड्याच्या तलाठी कचेरीतल्या माणसापर्यंत ती पोचली. त्यात पूल पडेल का हा प्रश्नच नाही. त्यात विचारतात, तू स्वतःकडे कसला हट्ट धरून बसली आहेस? बसमध्ये मला काहीही होता कामा नये, लोकांसमोर माझी शोभा होताच कामा नये, मला शंभर टक्के खात्री मिळालीच पाहिजे. हा ‘च’ पकडायचा. बाय, तू हे करून बघ, वहीत पुरावा लिहू नकोस, वाक्यातले ‘च’ शोध. मला बायको गेल्यावर दीड वर्ष झोप नव्हती. ‘असं व्हायलाच नको होतं’ हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणतो ते मोजायला लागलो आणि तिथून हळूहळू सुटत गेलो. दुःख राहिलं. ते राहणारच, एलिसही दुःखाला आजार म्हणत नाहीत.

आणखी एक. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा रोज बघतो आपण. कांदोळीला जन्मलेला हा माणूस १८१९ मध्ये पॅरिसला वारला, आणि तेव्हा युरोपात सगळे म्हणत होते की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलीशी चुंबकशक्ती निघते. फारिया म्हणाले, शक्ती माझ्यात काही नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. दोनशे वर्षांपूर्वी! मला ह्या गोष्टीचा फार अभिमान आहे. कुणाही थेरपिस्टकडे जाताना मी ती आठवतो.

तेरेखोल

मी शिकलेला नाही एवढा, माझं सांगतो. पेडणे तालुक्यातला, दारूचा त्रास होता. आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात खोकल्यासाठी गेलो तर तिथं एका मुलीनं चार प्रश्न विचारले, किती घेता कधी घेता, आणि म्हणाली बसाल का माझ्याशी अर्धा तास. ती डॉक्टर नव्हती, आमच्यासारखीच गावातली. मला वाटलं आता प्रवचन. तिनं एकदा पण सोडा म्हटलं नाही. विचारलं, दारूमुळे बरं काय वाटतं? असं कुणी विचारलंच नव्हतं कधी. सांगितलं मी, मग विचारलं आणि नको वाटतं ते काय, तर मीच बोलत सुटलो, धाकटी मुलगी मी आल्यावर अभ्यासाचं पुस्तक घेऊन शेजाऱ्यांकडे जाते ते सांगितलं आणि माझाच आवाज मला ऐकवेना. चार वेळा भेटलो फक्त. पूर्ण सुटली नाही लगेच, वर्ष गेलं. ताई तुम्हाला कुठली पद्धत लागेल ते मला माहीत नाही पण माणूस असं विचारणारं बघा.

चिंचेची_सावली

तेरेखोल, तुम्ही सांगितलंत त्याला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात, विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेलं. आणि हे गोव्यातल्यांनी छाती पुढे काढून सांगायला हवं की गावातल्या साध्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून असं समुपदेशन करवून घेण्याचं जगभर गाजलेलं काम आपल्याच आरोग्य केंद्रांत झालंय. संगाथ ही संस्था १९९६ पासून इथं आहे. त्यांचा दारूसाठी एक कार्यक्रम होता, एक ते चार सेशनचा, आणि तीव्र डिप्रेशनसाठी दुसरा, सहा ते आठ सेशनचा, ज्यात मनात खोल उतरत नाहीत, माणूस काय काय करायचा थांबलाय ते बघून एकेक गोष्ट परत सुरू करून देतात. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले. डिप्रेशनवाल्यांत तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक त्यातून बाहेर आले होते, नेहमीचेच थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के.

काका, ‘च’ चं मान्य. हट्ट पकडल्याशिवाय पायऱ्या चढवत नाहीत चांगले थेरपिस्ट.

ताई, मूळ प्रश्नाकडे येते. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये एक साधी गोष्ट लिहिली ती मी रोज वापरते. कुठल्याही पद्धतीत तीन गोष्टी जुळाव्या लागतात, कुठं पोचायचंय, त्यासाठी काय करायचंय, आणि दोघांमधला जिव्हाळा. तुमच्या पहिल्या जागी कुठं पोचायचं ते ठरलं होतं, पण काय करायचं ते तुम्हाला पटलंच नव्हतं आणि तसं बोलायला जागाही नव्हती. दुसऱ्या जागी जिव्हाळा आहे पण पुलाचं काय करायचं ते दोघींपैकी कुणीच काढलेलं नाही. म्हणून पुढच्या वेळी त्या बाईंना सरळ विचारा, की मला पणजीला बसनं जायचंय, आपण इथं जे करतोय त्यानं ते कसं होईल, आणि होतंय की नाही हे आपल्याला कधी कळेल. तुमचा हक्क आहे तो, यात उद्धटपणा काही नाही. त्या म्हणाल्या की पुलाचं काम दुसरीकडे करा आणि बाबांचं माझ्याकडे, तरी चालेल, फक्त दोघींना एकमेकींबद्दल माहीत असू द्या. दोघी दोन दिशांना ओढत असतील तर मात्र एकदम करू नका. आणि ज्यांच्याकडे जाल त्यांचं शिक्षण, नोंदणी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे असते, नुसती काउन्सेलर ही पाटी कुणीही लावू शकतो. पैशांची ओढाताण असेल तर बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. रात्री अगदीच असह्य झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे.

देवळाबद्दल तुम्ही विचारलंत. जायचं असेल तर जा. प्रसाद उजवा पडला म्हणून उपचार थांबवू नका एवढंच.

बेतीची_फेरी

सगळ्यांना देव बरें करूं. तेरेखोलदादा, तुमचं मी दोनदा वाचलं.

दहा दिवस झाले लिहून, म्हणून सांगते. दुसऱ्या बाईंना विचारलं, जसंच्या तसं. त्या रागावल्या नाहीत, जरा गप्प बसल्या आणि म्हणाल्या, मी पुलाकडे लक्ष दिलं नाही हे खरं. पुलासाठी त्यांनी बांबोळीचंच नाव सांगितलं, चिठ्ठी दिली, बाबांचं त्यांच्याकडे चालू ठेवलंय. बांबोळीला स्ट्रॉचं झालं एकदा. बोटं बधीर झाली तेव्हा मला रडूच आलं, कारण अगदी तेच होतं ते आणि मी तर खुर्चीत बसलेली.

काकांचा ‘च’ सापडला. ‘मला बसमध्ये काही झालं तर घरी कळलंच पाहिजे.’ हे लिहून झाल्यावर मी बराच वेळ वही तशीच धरून बसले होते.

मग आईला विचारलं, त्या रात्री बाबा आले कसे? इतकी वर्षं ती फक्त वाट बघण्याचं सांगायची, पुढचं कधी नाही. म्हणाली, दहाच्या पुढे आला, गुडघ्यापर्यंत चिखल, पलीकडून होडीनं आला म्हणे, गार झालेली पेज खाल्ली आणि तुला उचलून झोपला. मी सकाळी त्याची पँट धुवायला घेतली तर खिशात तुझ्यासाठी आणलेली बिस्किटं, सगळी भिजलेली.

शनिवारी दुपारी गर्दी नसते, तेव्हा बांबोळीच्या मॅडम पर्वरीपासून माझ्यासोबत बसमध्ये बसणार आहेत. फेरी अजून सोडलेली नाही, सोमवारी फेरीनंच गेले.