चिपळुणात घर बांधायचंय: इंजिनिअरिंग फर्मला द्यावं की गवंड्याला?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. चिपळुणात आमचं जुनं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कौलारू घर आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात घरात छातीभर पाणी होतं. तेव्हापासून भिंती खालून ओल धरतात, चौकटी फुगल्यात, पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना वास येतो. आई-बाबा पुण्याला यायला अजिबात तयार नाहीत. म्हणून पाडून नवीन बांधायचं ठरवलंय. खाली नुसते कॉलम, गाडी आणि अडगळ. वर 1100 स्क्वेअर फूट राहायला. बजेट 28 लाख. त्यापुढे कर्ज झेपणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पर्याय दोन आहेत. एक, गावातली जुनी इंजिनिअरिंग फर्म. आमच्या भागातली शाळा, पतसंस्थेची इमारत, पेठेतली दोन-तीन कॉम्प्लेक्स त्यांनीच बांधली. मटेरियलसकट 33 लाख सांगतात, जीएसटी वेगळा. दुसरा, बाबांच्या ओळखीचे मिस्त्री, लेबर रेटवर. मटेरियल आपण आणायचं.

अनुभव असेल त्यांनी सांगा. फर्मची नावं इथे लिहू नका, निरोपात कळवा.

डोंबिवलीतला_कोकणी
28 लाखांत आजकाल काय होतं? आम्ही गावी बांधलं ते 50 च्या वर गेलं. सागवानी दारं, सगळीकडे ग्रॅनाइटचे ओटे, गच्चीवर पूर्ण शेड. पण बघणारा थांबून बघतो. एकदाच बांधायचं असतं, तेव्हा हात आखडता घेऊ नका. फर्मलाच द्या आणि बजेट 45 धरा.

वाशिष्ठीकाठ
दादा, 28 लिहिलंय वर.

मु_पो_सावर्डे
लेबर रेटवरच द्या, डोळे झाकून. आमच्या मिस्त्रींनी चार पिढ्यांची घरं बांधलीत, एकाला तडा नाही. चिरा, खडी, सिमेंट आपण आणलं की पैसा कुठे गेला ते कळतं. शिवाय स्वतःच्या एकट्या घराचं नुसतं मजुरीचं कंत्राट असेल तर त्यावर जीएसटी नाही. मटेरियलसकट दिलंत की 18 टक्के. 33 वर 18 टक्के म्हणजे जवळपास सहा लाख, हिशोब करा.

माहेरवाशीण
फर्म मोठी म्हणजे काम चांगलं असं समजू नका. माझ्या भावाने दुसऱ्या तालुक्यातल्या एका नावाजलेल्या फर्मला घर दिलं. करार करायला साहेब आले, पूजेला साहेब आले. स्लॅबच्या दिवशी मात्र साइटवर नुकता कॉलेजातून बाहेर पडलेला मुलगा. दुपारी माल घट्ट व्हायला लागला, तर मिक्सरवाल्याने सरळ पाइप लावून पाणी सोडलं आणि त्या पोराची बोलायची टाप नाही. पहिल्याच पावसाळ्यात हॉलच्या छतातून पाणी. फोन केला की "माणूस पाठवतो". आता वर पत्र्याची शेड घातली आहे, तो खर्च वेगळाच.

पेठेतला
पुराचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मूळ दुखणं नदीचं आहे. वाशिष्ठीत गाळ किती साठला होता, बघितलंय का कुणी? वरून कोयनेच्या वीजघरांचं पाणी कोळकेवाडी धरणातून इकडेच येतं. समुद्राला भरती असली की पाणी जायचं कुठे? घरं उंच करून काय होणार, नदी मोकळी करा आधी.

गुहागर_नाका
पेठेतला, त्या रात्री पाऊसच तसा होता. धरणाच्या पाण्यावर सगळं ढकलून चालत नाही.

पेठेतला
2005 लाही आमच्या दुकानात पाणी होतं, 2021 ला माळ्यापर्यंत. मी दोन्ही पूर पाहिलेत. मला पाऊस शिकवू नका.

सिव्हिल88
तो वाद वेगळ्या धाग्यावर घ्या. वाशिष्ठीकाठ, मी आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचं, डिझाइन करतो, रत्नागिरी जिल्ह्यातच काम आहे. फर्म की मिस्त्री हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तुमचा प्लॉट पूररेषेत कुठे येतो? निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. दोन्हींच्या मधे असाल तर जोतं लाल रेषेच्या पातळीहून निदान 0.45 मीटर वर हवं. निळ्या रेषेच्या आत असाल तर नवीन बांधकामाला बंदी आहे. जुन्या अधिकृत घराच्या जागी बांधताना तोच जोत्याचा नियम लागतो. म्हणून जुनं घर पाडण्याआधी त्याची परवानगी, घरपट्टी, सिटी सर्व्हेचा उतारा हातात असू द्या. एकदा पाडलं की घर होतं हे सिद्ध करणं जड जातं.

दुसरं, खाली नुसते कॉलम आणि वर घर ही रचना पुराला चांगली, भूकंपाला नाजूक. कोयना आपल्या डोंगरापलीकडे आहे, 11 डिसेंबर 1967 चा भूकंप विसरू नका. खालच्या मजल्यावर भिंती नसल्या की सगळा हिसका कॉलमच्या डोक्याशी आणि पायाशी बसतो. तिथे उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा जवळजवळ लागतात आणि रिंगेचं टोक 135 अंशांत वळवून आत काँक्रीटमध्ये घुसवावं लागतं. बहुतेक साइटवर ते काटकोनात वळवलेलं दिसतं, कारण बांधायला सोपं. अशी रिंग हादऱ्यात उघडते. डिझाइन कोण करतं आणि स्लॅब-कॉलम भरण्याआधी सळई कोण तपासतं, हे दोन्ही पर्यायांना विचारा. "आमच्याकडे सगळं होतं" या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

मु_पो_सावर्डे
आमच्या मिस्त्रींनी कधी डिझाइन बघितलं नाही. घरं उभी आहेत.

सिव्हिल88
तुमच्या मिस्त्रींची घरं चिऱ्याच्या भिंतीवर उभी आहेत. हे घर कॉलमवर उभं राहणार आहे. दोन्हींचं गणित एक नाही.

डोंबिवलीतला_कोकणी
फर्मने फसवलं तर रेरात, म्हणजे बिल्डरांवरच्या सरकारी प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. म्हणून फर्म बरी.

गुहागर_नाका
रेरा इथे कुठून आला? स्वतःच्या जागेत स्वतःचं घर बांधून घेताय, फ्लॅट विकत घेत नाही. काही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे जायचं तर करार आणि पावत्या लागतात. मिस्त्रीकडे यातलं काय असतं?

माझा सल्ला: त्या फर्मच्या जुन्या इमारती बघा, तेही भर पावसात. शाळेच्या छज्ज्याखाली हात घालून बघा, पाणी तोडायची खाच आहे का. खाच नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीपर्यंत येतं आणि खिडकीच्या वर काळा पट्टा उठतो. आमच्या समोरच्या कॉम्प्लेक्सला तसा पट्टा प्रत्येक खिडकीवर आहे. रंग नवीन दिला की वर्षभर झाकतो. पतसंस्थेत जाऊन जिन्याच्या वरचा कोपरा बघा, शिपायाला विचारा. मालकाला विचारलंत तर तो फर्मचं कौतुकच करणार.

माहेरवाशीण
हे अगदी खरं. आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्या, काम पुढे आणि पैसे मागे. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा काढल्यावर. भावाने रंगाच्या आधीच सगळे देऊन टाकले होते.

वाशिष्ठीकाठ
सिव्हिल88, मनापासून आभार. नगरपरिषदेत चौकशी केली, आमचा प्लॉट दोन रेषांच्या मधे येतो. फर्मची शाळा बघून आलो, छज्ज्याला खाच आहे, भिंती कोरड्या. पण 33 परवडत नाहीत. चौकट म्हणजे पाया, कॉलम, स्लॅब फर्मकडून आणि बाकी मिस्त्रींकडून, असं चालेल का?

गुहागर_नाका
नको. गळलं तर फर्म म्हणेल प्लास्टर वाईट, मिस्त्री म्हणेल स्लॅब वाईट.

डोंबिवलीतला_कोकणी
काम दोघांत वाटू नका. बजेट वाढवा.

मु_पो_सावर्डे
दोन घरचा पाहुणा उपाशी. एकालाच द्या, मिस्त्रींना.

सिव्हिल88
मलाही दोघांत वाटणी पसंत नाही, कारण जबाबदारीची रेघ पुसट होते. करायचंच असेल तर स्लॅब ताब्यात घेताना त्यावर पाणी तुंबवून ठेवा, खाली ओल येते का ते बघा, फोटो काढा आणि दोघांच्या सह्या घ्या. प्लंबिंगचे पाइप स्लॅबमधून कुठून जाणार हे भरण्याआधी नक्की करा, नंतर छिन्नी लागली की फर्म हात वर करणार. क्यूब टेस्टचे, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद बघतात त्याचे, 7 आणि 28 दिवसांचे रिपोर्ट करारात लिहून घ्या. एम20 प्रतीचं काँक्रीट हाताने मापून करणार असतील तर सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्याला 30 लिटरच्या वर पाणी नाही. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर निदान 10 दिवस ओलं ठेवा. गोणपाट सकाळी एकदा भिजवलं म्हणजे झालं असं नाही, ते दिवसभर ओलं राहिलं पाहिजे.

पेठेतला
आणि नदीतला गाळ?

वाशिष्ठीकाठ
ठरलं. सगळ्यांनी नको म्हटलं तरी काम दोघांतच वाटतोय. फर्मशी बोललो, नुसत्या चौकटीचं कोटेशन त्यांनी दिलं आणि बाकीचं धरून 28 च्या आत बसतंय. डिझाइन बाहेरच्या कन्सल्टंटकडून करून घेतोय, फर्मला ते फारसं आवडलं नाही पण तयार झाले. रिंगांचा मुद्दा करारात घातला. बाबा आणि मिस्त्री तीस वर्षं एकमेकांना ओळखतात, त्यांच्या हातचं काम घरात हवंच असा बाबांचा आग्रह आहे आणि तो मला मोडायचा नाही. स्लॅब ताब्यात घेताना दोघांना समोरासमोर उभं करणार.

जुन्या घराचे चिरे चांगले निघतील तेवढे वरच्या भिंतींना वापरायचेत. पुराचं पाणी प्यायलेला चिरा परत वापरलाय का कुणी? धुऊन उन्हात वाळवला की पुरे, की खालचे थर टाकूनच द्यावे?

मु_पो_सावर्डे
खालचे दोन-तीन थर कुंपणाला वापरा. वरचे हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर टाका. काढताना मिस्त्रींना स्वतः उभं करा, जेसीबीला हात लावू देऊ नका.